चौदा नियम आणि सहा वाव दोर

लग्नानंतर तिसऱ्या की चौथ्या दिवशी जनीआत्यांनी मला बजावलं होतं, "पोरी, माझ्या भावाच्या हातात सुटं काय देऊ नको. तो बांधून टाकील." आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण, शेजारच्याच घरात राहतात. तेव्हा त्या अंगणात सुके बोंबील निवडत होत्या, आणि मी नव्या सुनेच्या उत्साहानं त्यांना मदत करत होते, म्हणजे बोंबलाचे दात बोटात घुसवून घेत होते. मी हसले. त्या गंमत करताहेत असं वाटलं.

त्या गंमत करत नव्हत्या. आठवडाभरात लक्षात आलं की आमच्या घरात सुटं काहीच नाही. टीव्हीचा रिमोट पलंगाच्या पायाला बांधलेला. साबण मोरीच्या नळाला. लायटर गॅसच्या शेगडीला. कंगवा आरशाला, आणि आरसा खिडकीच्या गजाला दोन ठिकाणी. माझे सासरे सदा तांडेल. रेवदंड्याच्या बंदरातून अडतीस वर्षं त्यांनी बोट चालवली. बोटीवर न बांधलेली वस्तू पहिल्याच मोठ्या लाटेला जाते, आणि त्यांच्या मते घर काय नि बोट काय, फरक एवढाच की घराला लाट अजून आलेली नाही. माझं माहेर पेणकडचं, मिठागरवाल्यांचं. आमच्याकडे मिठाचे ढीग उघड्यावर पडलेले असतात, त्यांना कुणी बांधत नाही. मला हे सगळं नवीन होतं.

एकदा मी भाकऱ्या थापत असताना बाबा, म्हणजे माझे सासरे, मला त्यांची गाठ समजावून सांगायला आले होते. "ही लांब शेपटी दिसते ना, ती ओढायची. बांधताना दोन हात लागले तरी चालतील, सोडताना एकच लागला पाहिजे. दुसरा हात सुकाणूवर असतो." मी "हो बाबा" म्हटलं आणि तवा बघत राहिले. माझी मुलगी प्राप्ती मात्र अडीच वर्षांची असतानाच ती शेपटी ओढून रिमोट सोडवायला आणि कार्टून लावायला शिकली.

मी काळजी करणारी बाई आहे, हे आधीच सांगून टाकते. मी द्राक्षाचे चार तुकडे करून देते. घरातल्या खालच्या प्लगांना चिकटपट्टी लावलेली आहे. विहिरीवर झाकण आहे आणि झाकणावर दगड आहे. माझा नवरा चिराग रेवसला लाँचवर कामाला आहे, तो म्हणतो, "हेमा, तू दिवसाला शंभर सूचना देतेस. त्यातली खरी कुठली, ते माणसाला कळणार कसं?" मी म्हणायचे, सगळ्याच खऱ्या.

दोन वर्षांपूर्वी बाबांचा उजवा गुडघा गेला. डॉक्टरांनी बोट बंद केली. सहा महिने ते ओटीवर बसून दिसेल ते बांधत होते. मग परेश शेठचा बंगला झाला.

परेश शेठ मुंबईचे. त्यांनी समुद्राच्या मागची एक वाडी घेतली, एक सोडून सगळे माड काढले, आणि त्या एकाच माडाभोवती लॉन लावलं. गवत टेम्पोतून आलं, गादीसारखं गुंडाळून. बाबा ते बघून घरी आले. म्हणाले, "गवत विकत आणलंय. आता ते वाढू नये म्हणून माणूस ठेवणार." तो माणूस म्हणून शेठनी बाबांनाच ठेवलं.

गवताबरोबर ते कापायचं मशीन आलं. मागून हँडल धरून चालायचं, पेट्रोलवर चालणारं, आणि स्वतःच पुढे जाणारं. माणसानं नुसतं मागे चालायचं. सोबत जाडजूड पुस्तक, इंग्रजीत. घरात इंग्रजी वाचणारी मी एकटी, तेव्हा ते काम माझ्याकडे आलं, आणि खरं सांगते, इतकी वर्षं मी ज्या पुस्तकाची वाट बघत होते ते हेच असं मला वाटलं. पानापानावर धोका. लाल त्रिकोण, तुटलेली बोटं, माणसाच्या अंगावर उडणारे दगड, सगळं चित्रांसह. मी दोन रात्री जागून जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे त्याचे मराठीत चौदा नियम लिहिले. कापण्याआधी खडे, शिंपले, हाडं, काठ्या वेचून घ्याव्यात. पायात जाड बूट असावेत. कानात कापूस घालावा. ओल्या गवतावर चालवू नये. मशीन मागे ओढू नये, पुढेच जावं. पेट्रोल इंजिन गार झाल्यावरच भरावं. अडकलेलं गवत काढताना आधी प्लगची वायर काढावी. उजव्या बाजूनं गवत बाहेर फेकलं जातं, म्हणून त्या बाजूला कुणी उभं राहू नये. चालू असताना आवारात बाहेरचं माणूस घेऊ नये. मूल जवळपास असेल तर ते मोठ्या माणसाच्या ताब्यात असावं, सुटं सोडू नये. असे चौदा.

हँडलला लागून दोन दांड्या होत्या. एक दाबून धरली तरच इंजिन चालू राहतं, दुसरी दाबली की चाकं फिरतात. हात सोडला की सगळं बंद. ते मी नियमात नाही, तोंडी सांगितलं.

"म्हणजे हात सोडला की इंजिन मरतं?" बाबांनी विचारलं.

"हो. ती सोय आहे."

"कोणाची?"

"चालवणाऱ्याची. पडलात, घसरलात, तर पातं आपोआप थांबतं."

बाबांनी माझ्याकडे दयेनं पाहिलं. "पोरी, खाडीच्या तोंडाशी भरती आत येते, वारा बाहेर नेतो. तिथं माझा हात सुटला आणि इंजिन मेलं, तर त्याला तू सोय म्हणशील?"

"हे लॉन आहे बाबा."

"व्हय," ते म्हणाले, पण तोंडावर पटल्याची खूण नव्हती.

आणि पान सातवर, लाल चौकटीत, जाड अक्षरांत एक ओळ होती. दांडी कधीही बांधून, चिकटवून किंवा अडकवून ठेवू नये. ती वाचून मी हसले होते. कोण बांधेल, म्हटलं. परदेशात लोकांना असं सगळं लिहून द्यावं लागतं बहुतेक. शिवाय कॅलेंडरच्या पानावरची जागा संपली होती. द्राक्षं कापणारी मी, ती एक ओळ तेवढी गाळून पुढे गेले. जनीआत्यांचं बोलणं तेव्हा मला आठवायला हवं होतं.

बाबांनी नियम शेठच्या पंपघरात टांगले, चारही कोपरे बांधून. आणि पाळले, अगदी मनापासून. आयुष्यात कधी चप्पलही न घातलेला माणूस गुडघ्यापर्यंत गमबूट घालून लॉनवर उतरू लागला. मशीनला त्यांनी बोटीवरचा भगवा बावटा लावला, नारळ फोडला. ओल्या गवतावर चालवू नये म्हणून ते फक्त ओहोटीलाच कापायचे. लॉनचा आणि ओहोटीचा काय संबंध, असं मी विचारलं, तर म्हणाले, "पाणी लांब असलेलं बरं." परेश शेठ मुंबईत मित्रांना सांगायचे, आपला माणूस तिथी बघून लॉन कापतो.

बाबांचा जुना खलाशी दयारामकाका रोज येऊन बसायचे. बोट सुटल्यापासून त्यांनाही काम नव्हतं. ते गेटजवळ उलट्या क्रेटवर बसून मशीनकडे बघायचे आणि मधूनच "तांडेल, डावीकडं घ्या" असं ओरडायचे. डावीकडे घेण्यासारखं काहीच नसायचं. पण बाबा घ्यायचे.

जानेवारीतला तो गुरुवार. प्राप्तीच्या जन्माच्या दाखल्यात माझ्या नावाचं स्पेलिंग दुरुस्त करायला मी सकाळी अलिबागला गेले. प्राप्ती जनीआत्यांकडे. आत्यांना मी सूचना देऊन निघाले, बहुतेक अकरा. रिक्षातून परत आले तर आत्यांच्या दाराला कडी. आणि आत्या समोरून येताहेत, डोक्यावर बांगडे भरलेली टोपली, हातात कोयती, आणि कमरेला प्राप्ती नाही.

"पोर कुठंय?"

"बोट लागली गो अचानक, मला जावं लागलं. आज्याकडं दिलीय, बंगल्यावर."

"आज लॉन कापायचा दिवस आहे, आत्या."

"मग? आज्याच्या मांडीवर बसलेय ती. मी बघितली ना."

मी पळाले. मागून आत्या टोपलीसकट. बंगल्याच्या गल्लीत शिरले तेव्हा मशीनचा आवाज येत होता, एकसारखा, कुठेही न थांबणारा. माणूस चालवत असला की आवाज थांबतो, वळताना बदलतो, कुठे गवत दाट लागलं की दबतो. हा आवाज नुसता चालू होता.

गेटबाहेर दयारामकाका क्रेटवर. त्यांच्यापुढे जमिनीवर सहा शिंपले एका ओळीत. मी गजांमधून आत पाहिलं.

लॉनच्या मध्ये तो एकटा माड. माडाला, माणसाच्या डोक्याच्या वर, बोटीचा निळा दोर बांधलेला. दोराचं दुसरं टोक मशीनला. मशीन एकटंच, बावट्यासह, माडाभोवती गोल फिरत होतं, तेल्याचा बैल फिरतो तसं. हँडलमागे कुणी नाही. आणि मधोमध, माडाला टेकवलेल्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत बाबा, गमबूट पुढे पसरलेले, मान एका बाजूला पडलेली. मांडीवर प्राप्ती, तीही झोपलेली. तिची कंबर बाबांच्या कंबरेला जाळ्याच्या दोरीनं बांधलेली.

"काका, हे काय आहे?"

"बोटीसारखा नांगर टाकलाय," दयारामकाका अभिमानानं म्हणाले. "तांडेलांची आयडिया. गुडघा दुखतो ना, चालवत न्हाय. मशीन आपलं आपण फिरतं. सहा वाव दोर दिलाय. दर फेरीला दोर माडाला एक वेढा घेतो आणि मशीन आत येतं. एवढं लॉन, एकाही माणसाला चालायला नको."

वाव म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होतं ते अंतर, सहा फूट. सहा वाव म्हणजे छत्तीस फूट.

"आणि आत येता येता शेवटी कुठे येतं?"

काकांनी खुर्चीकडे पाहिलं. "दोन वाव राहिले की ते उठून बंद करणार. मी शिंपले मोजतोय. आठ झाले की हाक मारायची, असं ठरलंय."

"तुमची हाक त्यांना ऐकू येईल? एवढ्या आवाजात?"

"बोटीवर यायची."

"त्यांच्या कानात कापूस आहे."

"तो तुम्हीच सांगितलाय, सूनबाई."

मी पेणच्या कॉलेजात गणित घेऊन बी.एस्सी. केलं. त्याचा लग्नानंतर काहीच उपयोग झाला नव्हता. गेटचे गज धरून मी तिथे आयुष्यातलं सगळ्यात जलद गणित केलं. माडाचा घेर तीन फूट. दर फेरीला दोर तीन फुटांनी कमी. सहा फेऱ्या झाल्या, अठरा फूट उरले. गमबुटांची टोकं माडापासून चार फुटांवर. म्हणजे साडेचार फेऱ्या, फार तर पावणेपाच. आणि फेरी लहान होत जाते तसा तिला वेळही कमी लागतो. एकूण दोन मिनिटंसुद्धा नाहीत. गणित बरोबर होतं. मी दोनदा तपासलं, आणि तपासण्यात एक फेरी गेली. काकांनी सातवा शिंपला ठेवला.

"काका, आत्ता हाक मारा."

"अजून आठ कुठं झाले?"

"मारा म्हणते ना."

"तांडेल निजलाय, सूनबाई. जाळं ओढायची वेळ झाल्याशिवाय तांडेलाला उठवत न्हाईत. अडतीस वर्षांत कोणी उठवला न्हाय." पण माझ्या तोंडाकडे बघून ते उठले, दोन्ही हात तोंडाशी धरले आणि अशी आरोळी ठोकली की कोपऱ्यावरचा कुत्रा निघून गेला. बाबांची मान दुसऱ्या बाजूला पडली, एवढंच.

गेट ओढलं. हलेना. आतून बांधलेलं होतं, माझ्या मनगटाएवढ्या जाड दोराच्या गुंडाळीनं. नववा नियम. बाहेरचं माणूस घेऊ नये. भिंतीवर काचा लावलेल्या, त्या शेठच्या.

जनीआत्या धापा टाकत पोचल्या. टोपली उतरवून एक नजर आत टाकली. टोपलीतून एक बांगडा उचलला आणि गेटवरून भावाच्या दिशेनं भिरकावला. बांगडा माडाच्या अलीकडे पडला. दुसरा पलीकडे. तिसरा नेमका मशीनच्या वाटेत. मशीननं तो गिळला, खर्र असा आवाज झाला, आणि उजव्या बाजूनं बांगड्याची चटणी फवारल्यासारखी आमच्या गेटावर आली. माझ्या हातातल्या दाखल्यावर, काकांच्या शर्टावर. माडावरून चार कावळे उतरले.

"आत्या, नका टाकू. पान चार, पातं काहीही फेकू शकतं."

"मग कोयती टाकू?"

"काहीच टाकू नका."

"आठ," काका म्हणाले आणि शिंपला ठेवला. ठरल्याप्रमाणे त्यांनी पुन्हा हाक मारली. "तांडेल, दोन वाव."

तांडेल घोरत असावेत. ऐकू येत नव्हतं, पण पोट वरखाली होत होतं, आणि त्याबरोबर माझी मुलगीही वरखाली होत होती.

आत्यांनी कोयती गेटच्या दोरावर चालवायला सुरुवात केली. बोटीचा दोर तो, सहजी तुटत नाही. करकर वाजत होता आणि एकेक धागा सुटत होता. मी गजांमधून हात घालून त्या गाठीवर नखं मारत होते. किती घट्ट बांधतो हा माणूस, किती घट्ट. आणि तेव्हा माझ्या बोटांना दोराचं एक लांब, मोकळं टोक लागलं, खाली लोंबणारं. मला प्राप्तीचा हात आठवला. पलंगाच्या पायाशी बसून, अंगठा तोंडात, दुसऱ्या हातानं, अजिबात न बघता ओढणारा.

मी ओढलं. सगळी गुंडाळी एका झटक्यात पायाशी आली. आत्या कोयतीसकट पुढे कलल्या.

"हे मला का न्हाय सुचलं," आत्या म्हणाल्या.

मी आत गेले. पळाले नाही. पुस्तकात लिहिलंय, चालू मशीनजवळ पळू नये. मी उजवीकडून गेले नाही, समोरून गेले नाही. भराभर चालत मशीनच्या मागे आले आणि हँडल गाठलं. मशीन आता माडापासून नऊ फुटांच्या आत आलं होतं. दोर वर बांधलेला, तो जसजसा आखूड होत होता तसतसा मशीनला वर खेचत होता, आणि आतली दोन चाकं जमिनीवरून टेकत-सुटत होती. खाली पात्याची कड चमकत होती. पुढे, अगदी पुढे, गमबूट.

दोन्ही दांड्या हँडलला जाळ्याच्या सुतळीनं बांधलेल्या. काय सुंदर बांधल्या होत्या. सारखे वेढे, एकावर एक नाही. मी मागे चालत चालत, माडाभोवती, माझ्या झोपलेल्या घराभोवती, त्या गाठीत टोक शोधत होते. एक सापडलं, ओढलं. गाठ आणखी आवळली.

"आखूड नको गो," गेटातून आत्या ओरडल्या. "लांब. लांब शेपूट."

लांब टोक हँडलच्या खाली होतं. ओढलं.

दांड्या टक्कन वर उडाल्या. चाकं थांबली. पातं दोन-तीन क्षण घरघरलं आणि थांबलं. बावट्याचं टोक बाबांच्या बुटापासून दोन हातांवर होतं. त्यानंतर जी शांतता झाली त्यात कावळ्यांचा आवाजसुद्धा मोठा वाटला.

आणि बाबा खाडकन जागे झाले. दयारामकाकांच्या आरोळीनं नाही, आत्यांच्या बांगड्यांनी नाही. इंजिन थांबलं म्हणून.

"इंजिन कोणी बंद केलं?" डोळे पूर्ण उघडायच्या आत त्यांनी विचारलं, आणि उजवा हात सुकाणू शोधत हवेत गेला.

मी गुडघ्यावर बसून प्राप्तीच्या कंबरेच्या गाठीची शेपटी ओढली, तिला उचललं आणि गवतावरच बसले. ती जागी होऊन म्हणाली, "आई, तुला बांगड्याचा वास येतोय."

बाबांनी कानातला कापूस काढला. मशीन पाहिलं, बुटाची टोकं पाहिली, माडाचे वेढे मोजले. नऊ. त्यांनी पाय आखडून घेतले. मग आमच्या घरात नेहमी होतं तसं, घाबरलेली सगळी माणसं भांडायला लागली.

"सदा, तू माणूस हायस की नांगर?" आत्या म्हणाल्या.

"मी नियमाबाहेर काय केलं न्हाय," बाबा म्हणाले. "बूट घातले. कापूस घातला. खडे वेचले. मागे ओढलं न्हाय, गोल फिरवलं. उजवीकडं फेकतं म्हणून डावीकडं, आत बसलो. बाहेरचा माणूस घेतला न्हाय, दयारामलासुद्धा बाहेर ठेवलं. पोर सुटं सोडलं न्हाय, बांधून ठेवलं. हिनं चौदा लिहिले, मी चौदा पाळले."

तेच खरं होतं. मी त्या कॅलेंडरच्या पानावर माझ्या मुलीला खुर्चीत बसवून, तिच्या आज्याचे कान बंद करून, गेट आतून बांधून घेतलं होतं. एकेक नियम बरोबर होता.

"पंधरावा होता," मी म्हटलं. "दांडी बांधू नये. मी गाळला."

बाबांनी मशीनच्या हँडलकडे पाहिलं. "लिहायचा होतास," एवढंच म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "लिहिला असतास तर मी दुसरी गाठ मारली असती."

"बाबा."

"न्हाय मारली असती. न्हाय." त्यांनी प्राप्तीच्या डोक्यावर हात ठेवला. "आता मारणार न्हाय. माडाच्या गळ्याची शपथ."

त्यांनी शब्द पाळला आहे. मशीन आता हातानं चालवतात, दांडी दाबून, गुडघा दुखला की थांबतात, आणि ते थांबले की इंजिन मरतं. प्रत्येक वेळी शिवी घालतात, पण बांधत नाहीत. रोज हँडल तपासायला मी स्वतः जाते. सुतळीचा एक धागा दिसला तरी काढते.

पण गोष्ट तिथे संपली असती तर मी हे लिहायला बसले नसते. दोन दिवसांनी परेश शेठ आले. त्यांच्या पाहुण्यांनी वरून ड्रोन उडवला. मशीन दीड फूट कापत होतं आणि दोर फेरीला तीन फूट आत येत होता, त्यामुळे लॉनवर एक पट्टा कापलेला, एक तसाच, अशी भली मोठी गोल नक्षी उमटली होती, मधे माड. शेठ म्हणाले, "सदाभाऊ, ये तो आर्ट छे." बाबांनी पुन्हा करायला साफ नकार दिला. मी शेठना पान सात वाचून दाखवलं. ते म्हणाले, "बेन, बहुत सही वात," आणि फोटो मित्रांना पाठवले.

मित्रांचेही बंगले आहेत. आणि दयारामकाकांनी पहिल्यापासून सगळं बघितलं होतं, दोराच्या वावांसकट. होळीनंतर त्यांना मुरुडच्या वाटेवरच्या एका बंगल्यावर लॉनचं काम मिळालं. नव्या कामाचा त्यांना केवढा आनंद. निघताना मी त्यांना पंधराच्या पंधरा नियम लिहून दिले, पंधरावा सगळ्यात वर, लाल पेननं. त्यांनी कागद नीट घडी करून खिशात ठेवला आणि खिसा बांधला. मग हसून म्हणाले, "सूनबाई, मी काय तांडेलासारखा झोपणार न्हाय."

ते बोटीवर इंजिनाशेजारी झोपायचे. बाबा सांगतात, त्यांच्याइतकं गाढ कुणी झोपत नसे. आणि तिथे शिंपले मोजायला बाहेर कुणी बसलेलं नाही.

चार दिवस झाले, काका फोन उचलत नाहीत. कामात असतील. फोन कुठेतरी बांधून ठेवला असेल. चिराग म्हणतो, तू उगाच काळजी करतेस. मी त्याला म्हटलं, ही खरी आहे. बाबा आणि मी रविवारी एसटीनं जाणार आहोत, पण रविवार लांब आहे, आणि गवत रोज वाढतं. तुम्ही त्याआधी त्या रस्त्यानं जाणार असाल, तर सुपारीची वाडी संपल्यावर डाव्या हाताला निळं गेट आहे, तिथे गाडी थांबवा. मशीनचा आवाज येत असेल आणि तो थांबत, बदलत, दबत असेल, तर पुढे जा. एकसारखा असेल तर गजांमधून आत बघा, खुर्चीत कुणी आहे का. हाका मारू नका, त्यांना ऐकू येत नाही. गेट आतून बांधलेलं असेल. हात आत घाला, दोराचं लांब टोक शोधा आणि ओढा. मग एवढं बघा की आमचे दयारामकाका जागे आहेत ना, आणि मला कळवा.